फोमची पडकी इमारत: आधी पूर्ण बांधावी, मग पाडावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: १/३५ स्केलच्या (खऱ्या मापाच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) डायोरामासाठी, म्हणजे छोट्या देखाव्याच्या मॉडेलसाठी, युद्धात उद्ध्वस्त झालेली दुमजली विटांची इमारत फोममधून, कोणताही तयार संच न वापरता, बनवायची आहे, पहिला प्रयत्न करून झाला, पण तुटलेल्या भिंतींच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात, विटा रेघोट्यांसारख्या वाटतात आणि एकूण वास्तू खऱ्या पडझडीची वाटत नाही. फोम कोणता घ्यावा, कडा कशा तोडाव्यात आणि रंगकाम कसे करावे, असे तीन उपप्रश्न त्यात आहेत.

या तिन्हींची उत्तरे देतोच, परंतु मूळ अडचण हत्याराची किंवा रंगाची नसून क्रमाची आहे, असे माझे ठाम मत आहे. पडकी इमारत ही कधीकाळी धडधाकट उभी होती. तिला मजले होते, जिने होते, भिंतींची जाडी होती, आणि ती ज्या पद्धतीने बांधली गेली त्याच पद्धतीने ती तुटली. फोमच्या पत्र्यावर थेट वेडीवाकडी रेषा मारून तो कापला की तुटलेला फोम दिसतो, तुटलेली भिंत दिसत नाही. म्हणून आधी कागदावर संपूर्ण इमारत काढा, निदान दर्शनी भिंत आणि एक आडवा छेद तरी, आणि मग त्या आराखड्यावर काय कोसळले आणि काय टिकले हे ठरवा.

आराखड्यासाठी मापे लागतात. ब्रिटिश प्रमाण वीट २१५ × १०२.५ × ६५ मिलिमीटर असते आणि सांधा साधारण १० मिलिमीटरचा धरतात. म्हणजे एक थर ७५ मिलिमीटरचा झाला. १/३५ मध्ये हा थर २.१ मिलिमीटर उंच आणि सांध्यासह वीट ६.४ मिलिमीटर लांब येते. तुमची इमारत ज्या प्रदेशातली असेल तिथल्या विटेचे माप शोधून हाच हिशेब करावा, कारण देशोदेशी विटा बऱ्याच वेगळ्या असतात. तीन मीटर उंचीच्या मजल्यात असे ४० थर बसतात आणि मॉडेलमध्ये मजल्याची उंची ८६ मिलिमीटरच्या आसपास भरते. दोन मीटरचा दरवाजा ५७ मिलिमीटर, आणि पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक ५० मिलिमीटर. बहुतेक नवख्या मॉडेलांत मजले बुटके आणि विटा मोठ्या असतात. नुसत्या या दोन चुका टाळल्या तरी निम्मे काम साधते. खिडक्या, दारे आणि मजल्याची उंची शक्यतो थरांच्या पूर्ण पटीत बसवा, कारण गवंडीही तसेच करतो.

भिंतीच्या जाडीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि पडक्या इमारतीत तर जाडीच उघडी पडते. दीड विटेची भिंत सुमारे ३३० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ९.४ मिलिमीटर, एका विटेची भिंत ६ मिलिमीटर. जुन्या घरांत पुष्कळदा खालचा मजला दीड विटेचा आणि वरचा एका विटेचा असे, आणि आतल्या बाजूला जो खाच्यासारखा टप्पा पडे त्यावर मजल्याच्या कड्या, म्हणजे आडव्या लाकडी तुळया, टेकत. तेव्हा खाली १० मिलिमीटरचा आणि वर ६ मिलिमीटरचा पत्रा वापरला, तर बांधकामाचे हे सत्य आपोआप दिसते आणि मजल्याचा आधारही तयार मिळतो.

आता फोमविषयी. पांढऱ्या दाणेदार थर्माकोलचा नाद सोडा. तो मण्यांनी बनलेला असल्याने कापताना मणी सुटतात आणि त्यावर दोन मिलिमीटरचा थर कोरणे अशक्य असते. ढिगाऱ्याच्या आतला भराव म्हणून तो चालेल, तेवढेच. तुम्हाला हवा तो एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे एक्सपीएस फोम, जो इमारतींच्या उष्णतारोधनासाठी तयार होतो. तो निळा, गुलाबी, पिवळा किंवा हिरवा असतो. रंग उत्पादकाप्रमाणे बदलतो, गुणाशी त्याचा संबंध नाही. पाहायची ती घनता: अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खळगा लगेच खोल पडत असेल तर तो बारीक कामाला मऊ आहे. कार्ड चिकटवलेले फोमबोर्ड घेतलेत तर दोन्ही बाजूंचा कागद सोलून आतला फोम वापरता येतो, आणि १/३५ साठी तो उत्तम ठरतो. एक्सपीएसच्या पृष्ठभागावर कारखान्यात तयार झालेली गुळगुळीत, कडक कातडी असते. ती ब्लेडने किंवा पॉलिशपेपरने काढल्याशिवाय कोरकाम करू नका, कारण तिच्यावर ब्लेड घसरते आणि रंगही नीट धरत नाही.

या फोमचे एक वैर लक्षात ठेवावेच लागते. पॉलिस्टायरीन ॲसिटोन, टोल्युइन यांसारख्या द्रावकांत विरघळते. स्प्रे रंगातील द्रावक, प्लॅस्टिक किटसाठीचा गोंद, एनॅमलचे थिनर आणि बऱ्याच प्रमाणात सुपर ग्लू, हे सर्व उघड्या फोमला खातात. चिकटवण्यासाठी पांढरा पीव्हीए गोंद सर्वांत भरवशाचा, मात्र तो पाणी उडून वाळतो आणि फोममधून पाणी आरपार जात नाही. दोन मोठे पृष्ठभाग एकमेकांवर चिकटवले तर मधला गोंद कित्येक दिवस ओला राहू शकतो. म्हणून मोठ्या जोडांसाठी फोमला सुरक्षित असा कॉन्टॅक्ट गोंद वापरावा, आणि भिंतींच्या कोपऱ्यांत पीव्हीएसोबत टूथपिकचे खिळे ठोकावेत. तापलेल्या तारेने फोम कापणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, कारण निघणारा धूर श्वासात जाण्याजोगा नसतो. आणि घासताना मास्क लावा.

कापण्यासाठी, ज्याचे पाते तुकड्या-तुकड्यांनी मोडता येते असे कटर घ्या आणि पाते सतत नवे ठेवा. बोथट पाते फोम कापत नाही, ओढते, आणि कडेला गाठी येतात. पाते पत्र्याशी आडवे धरून तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापल्यास कड सरळ येते. एका दमात दाबून कापल्यास ती आतल्या बाजूला तिरकी जाते.

विटा कोरण्याचे काम या साऱ्यात सर्वांत सावकाश करायचे, आणि इथेच मॉडेल जिवंत होते किंवा मरते. माझा क्रम असा असतो. प्रथम अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगाळलेला गोळा संपूर्ण भिंतीवर हलकेच फिरवून दाबतो, म्हणजे विटेचा खरखरीतपणा आधीच येतो आणि नंतरच्या रेषा बोथट होत नाहीत. मग पोलादी पट्टीला कागदावर आखलेल्या थरांच्या खुणा जुळवून आडव्या रेषा पेन्सिलने अगदी फिक्या आखतो. त्यानंतर नव्या पात्याने प्रत्येक रेषेवर जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल चीर देतो. ही चीर महत्त्वाची आहे: ती न देता थेट पेन्सिल दाबली तर फोम दोन्ही बाजूंनी फाटतो. चीर दिल्यानंतर शिसे काढलेल्या, धातूच्या टोकाच्या पेन्सिलीने किंवा संपलेल्या बॉलपेनने तीच रेष रुंदावतो, आणि फोम दबून सांधा गोलसर, खरा दिसू लागतो. सर्व आडव्या रेषा झाल्यावर उभ्या. शेवटी इथे-तिथे एखादी वीट सपाट टोकाच्या काडीने किंचित आत दाबायची, एखाद्या विटेचा कोपरा सुईने उडवायचा, एखादी वीट कोरून काढूनच टाकायची. हे शेवटचे काम शंभरात पाच-सहा विटांपुरते ठेवा; प्रत्येक विटेला इजा केली की भिंत पुन्हा एकसारखी दिसू लागते.

उभ्या रेषा कुठे येणार हे विटांच्या बांधणीवर ठरते. सगळ्या विटा लांब बाजूने दाखवणारी बांधणी, जी बहुतेक जण सवयीने कोरतात, ती अर्ध्या विटेच्या पातळ भिंतीची किंवा आधुनिक पोकळ भिंतीची असते. एका किंवा दीड विटेच्या भरीव भिंतीत काही विटा आडव्या घालून आतला आणि बाहेरचा थर बांधून घ्यावा लागतो, म्हणून दर्शनी बाजूला त्यांची आखूड तोंडे दिसतातच. इंग्लिश बाँड नावाच्या बांधणीत एक थर लांब विटांचा आणि त्यावर एक थर आखूड तोंडांचा. फ्लेमिश बाँडमध्ये प्रत्येक थरात लांब आणि आखूड आलटून पालटून. १/३५ मध्ये आखूड तोंड सांध्यासह ३.२ मिलिमीटर येते, म्हणजे सहज कोरता येते. १/७२ मध्ये मात्र थर एका मिलिमीटरचा होतो; तिथे आडव्या रेषा सर्वत्र आणि उभ्या विरळ ठेवणेच शहाणपणाचे.

आता मुख्य प्रश्न, तुटलेल्या कडांचा. जुन्या चुन्याच्या बांधकामात सांधा विटेपेक्षा दुबळा असतो, त्यामुळे भिंत सांध्यांतून उकलते. तिची तुटलेली कड पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि पायरीची उंची एक थर, रुंदी बांधणीप्रमाणे पाव किंवा अर्धी वीट. अधूनमधून एखादी वीट मधोमध फुटलेली असते, पण ती अपवाद असते. म्हणून आधी संपूर्ण भिंतीवर विटा कोरा, त्यानंतर कोरलेल्या सांध्यांवरूनच पाते चालवून कड कापा. ही कड कापून झाली की जाडीच्या बाजूलाही थर ओढा आणि विटांची तोंडे दाखवा; बाहेरच्या थरातल्या विटा आतल्यांपेक्षा एक-दोन पायऱ्या खाली किंवा वर तुटलेल्या ठेवा. जाडीत कोरलेल्या या विटा पाहणाऱ्याच्या नजरेला भिंत भरीव असल्याची खात्री देतात. फोम हाताने मोडून आलेली कड सुंदर दिसते, पण ती काँक्रीटची किंवा अनघड दगडाची. विटेला ती कधीच शोभत नाही.

काय उभे राहते आणि काय पडते यालाही नियम आहेत. दोन भिंती काटकोनात मिळतात तिथे त्या एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून कोपरे सुळक्यासारखे उरतात. आतली आडभिंत बाहेरच्या भिंतीला जिथे भिडते तिथेही ती टिकते आणि दोन आडभिंतींमधला लांब भाग कोसळतो. एकावर एक आलेल्या खिडक्यांची उभी रांग हा भिंतीतला दुबळा पट्टा असतो. तडे खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपे, पायऱ्यांनी, वरच्या खिडकीच्या कोपऱ्याकडे जातात. धुराडी जाड आणि सुटसुटीत असल्यामुळे आश्चर्यकारकरीत्या टिकतात. १९४२ मधल्या स्टालिनग्राडच्या छायाचित्रांत लाकडी घरांच्या वस्त्या जळून गेलेल्या आणि विटांची धुराडी तेवढी उभी दिसतात. अशी छायाचित्रे भरपूर पाहा आणि प्रत्येकात स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा तुकडा अजून का उभा आहे? उत्तर सापडेपर्यंत तो आपल्या मॉडेलमध्ये घेऊ नका.

तोफगोळ्याचे भोक दाखवणार असाल तर ते दर्शनी बाजूला लहान आणि मागच्या बाजूला मोठे, पसरट असते, कारण आघाताने मागच्या बाजूच्या विटा सुटून उडतात. गोळ्यांच्या खुणा भिंतभर सारख्या पसरू नका. सैनिक खिडकीवर नेम धरतो, तेव्हा त्या खिडक्यांभोवती दाट असतात.

गिलावा असेल तर तो विटांवर चढवलेला वेगळा थर आहे हे दिसले पाहिजे. पंधरा मिलिमीटरचा खरा गिलावा १/३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ येतो. हलका फिलर (भेगा बुजवण्याचा लेप) पातळ फासून, अर्धवट वाळल्यावर पात्याच्या टोकाने पोपडे उचलावेत. त्याखाली आधी कोरून ठेवलेल्या विटा उघड्या पडतात. भिंतीच्या एकाच बाजूला ओला थर दिला तर पातळ पत्रा वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही पाणी मिसळलेल्या पीव्हीएचा हात द्या.

मजल्याच्या लाकडी कड्या खऱ्या लाकडाच्याच करा. ५० × २०० मिलिमीटरची कडी १.४ × ५.७ मिलिमीटर येते आणि त्या एकमेकींपासून सुमारे ११ मिलिमीटरवर बसतात. मजला पडला असेल आणि कड्या टप्प्यावर न टेकता भिंतीत रोवलेल्या असतील, तर भिंतीत त्यांच्या रिकाम्या खोबणी ओळीने दिसल्या पाहिजेत. या एका ओळीने अख्खा नसलेला मजला डोळ्यांपुढे उभा राहतो. तसेच पडलेल्या जिन्याची नागमोडी खूण भिंतीवरच्या रंगात, वरच्या खोलीचा भिंतकागद, हवेत लटकलेली शेकोटीची जागा. घराचा आतला भाग रस्त्यावर उघडा पडणे हेच पडक्या घरातले सर्वांत बोलके दृश्य असते, आणि माझ्या मते दर्शनी भागाइतकाच वेळ आतल्या बाजूवर खर्च झाला पाहिजे. काँक्रीटची इमारत असेल तर मात्र हा सारा विचार बदलतो: स्लॅब तुटून खाली पडत नाही, सळयांना लोंबकळतो. १२ मिलिमीटरची सळई म्हणजे ०.३४ मिलिमीटरची तार. तिला आधी फोममध्ये खुपसून मग वाकवा.

ढिगारा हा अनेकांचा कच्चा दुवा आहे. भिंतीतून जे नाहीसे झाले ते जमिनीवर असलेच पाहिजे, आणि तुटलेले बांधकाम मधल्या पोकळ्यांमुळे मूळ आकारमानाच्या सव्वा ते दीडपट जागा व्यापते. म्हणून कापून काढलेला प्रत्येक तुकडा राखून ठेवा आणि तोच चिरून विटा करा. बहुतेकांना आपण किती कमी मलबा घातला होता हे तेव्हाच कळते. ढिगाऱ्याचा गाभा फोमच्या उतारातून कोरा, उतार ३५ ते ४० अंशांच्या आत ठेवा, कारण सुट्या राड्याचा ढीग त्याहून उभा राहत नाही. त्यातही क्रम असतो. आग लागलेल्या इमारतीत आधी छप्पर आत कोसळते, मग मजले, आणि भिंती शेवटी त्यांवर पडतात. म्हणून कौले आणि जळक्या तुळया खाली, विटांच्या आडून डोकावणाऱ्या. सगळ्यात वर नीट मांडलेल्या नव्हेत. मोठे तुकडे घरंगळत ढिगाऱ्याच्या पायथ्याच्या बाहेर जातात, बारीक चुरा मधल्या फटींत उरतो.

फोमच्या विटा चिकटवताना एक त्रास हमखास होतो: पातळ गोंद ओतला की त्या तरंगतात आणि जागा सोडतात. आधी घट्ट पीव्हीएचा थर देऊन त्यात विटा दाबून बसवा, तो वाळू द्या, आणि मगच चाळलेली माती व प्लास्टरचा चुरा भुरभुरून त्यावर पाणी व भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब मिसळलेला पातळ गोंद ड्रॉपरने सोडा. साबणामुळे गोंद चुऱ्यावर मण्यांसारखा न थांबता आत झिरपतो. दोन-तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे.

रंगकामाआधी संपूर्ण काम काळपट तपकिरी ॲक्रिलिक रंगात पीव्हीए मिसळून दोनदा झाकून घ्या, सांध्यांच्या तळापर्यंत. हा थर फोमला कडक करतो आणि द्रावकांपासून बऱ्यापैकी वाचवतो, तरी स्प्रे रंगावर विश्वास ठेवू नका. विटेचा मूळ रंग बाटलीतल्या लाल रंगापेक्षा बराच मळकट आणि फिका घ्या. स्पंजने तो टिपून झाल्यावर निवडक विटा तीन-चार वेगळ्या छटांनी रंगवा, काही जांभळट, काही मातकट पिवळ्या, आणि सलग दोन विटा एकाच छटेच्या होऊ देऊ नका. सांध्यांसाठी पातळ केलेला फिकट राखाडी रंग भिंतीवर सोडून वरच्या वर ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

यानंतरची एक गोष्ट क्वचितच कोणी करतो, आणि तिच्याशिवाय ताजी पडझड खरी वाटत नाही. भिंतीचा दर्शनी पृष्ठभाग वर्षानुवर्षांच्या काजळीने आणि पावसाने काळवंडलेला असतो, परंतु तुटलेल्या जागी विटेचा आतला भाग स्वच्छ, उजळ आणि थोडा नारिंगी असतो. म्हणून तुटलेल्या कडा, गोळ्यांचे खळगे आणि ढिगाऱ्यातल्या फुटक्या विटांची एक-एक बाजू मूळ रंगापेक्षा उजळ रंगवा. इमारत काही वर्षांपूर्वी पडली असे दाखवायचे असेल तर उलट करा: कडाही काळवंडलेल्या, सांध्यांत शेवाळ, ओलीच्या रेषेवर लोणा, ढिगाऱ्यावर गवत. या दोन काळांची सरमिसळ मात्र नको. धूर निघत असलेल्या इमारतीत गवत उगवलेले नसते. काजळी खिडकीच्या वरच्या कडेपासून वर जाते आणि जिभेच्या आकाराने निमुळती होते; खिडकीखाली ती जवळजवळ नसतेच.

शेवटी धूळ. गिलावा आणि चुना यांची फिकट धूळ पडझडीनंतर प्रत्येक आडव्या जागेवर बसते: खिडकीचे पाट, कड्यांच्या वरच्या बाजू, ढिगारा, आजूबाजूचा रस्ता, उभे वाहन. कोरड्या पिगमेंटने, म्हणजे रंगाच्या भुकटीने, ती सर्वत्र एकाच छटेत द्या, कारण इमारत, जमीन आणि आकृत्या यांना एकाच ठिकाणी आणणारा दुवा तीच असते. मॅट वार्निशचा हात द्यायचा असेल तर तो पाण्यात मिसळणारा असावा आणि या धुळीच्या आधी, ब्रशने द्यावा. नंतर दिल्यास पिगमेंट ओले होऊन गडद होतात आणि धूळ दिसेनाशी होते. धुळीला हात लागण्याची शक्यता असलेल्या जागी, म्हणजे मुख्यतः पायाच्या कडेला, पिगमेंट फिक्सर (भुकटी जागेवर धरून ठेवणारा द्रव) ब्रशच्या टोकाने नुसता टेकवावा आणि तो स्वतःच पसरू द्यावा.